दिवस राहण्याचे दिवस

वीर्याचा नमुना घरी काढला असेल तर तो तासाभरात प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, असं कुठल्याही लॅबमध्ये सांगतात. कर्जतहून लोकल पकडून, दादरला उतरून, परळच्या केईएम रुग्णालयापर्यंत पोचायला दोन तासांहून जास्त लागतात. खोपोलीहून आणखी उशीर. म्हणजे मध्य रेल्वेच्या या टोकाला राहणाऱ्या माणसाने डबी खिशात घालून पहाटेची गाडी धरली, तरी मुंबईत उतरेपर्यंत त्या नमुन्याच्या तपासणीला फारसा अर्थ उरत नाही. खांडसच्या वाड्यांवरून तर कर्जत स्टेशन गाठतानाच तास संपत येतो. मूल हवं असलेल्या जोडप्याला घड्याळ असं पहिल्याच पायरीवर आडवं येतं.

आणि मग घरच्या घरी काही करता येईल का, हा प्रश्न पुढे येतो. तो दबक्या आवाजात विचारला जातो, बहुतेकदा मेडिकलच्या काउंटरवर किंवा मोबाइलच्या पडद्याला. परदेशात याला घरगुती वीर्यारोपण म्हणून बऱ्यापैकी मान्यता आहे. स्वच्छ डबीत वीर्य घ्यायचं आणि बिनसुईच्या सिरिंजने ते योनीत, गर्भाशयाच्या मुखापाशी सोडायचं, एवढीच ती क्रिया. अमेरिकेच्या एफडीएने २०२३च्या अखेरीस ‘मोझी बेबी’ या घरगुती संचाला परवानगी दिली, त्याची तिकडे बातमी झाली. पण कल्पना काही नवी नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांच्याकडे एक कापडाचा व्यापारी आला. त्याच्या मूत्रमार्गाचं छिद्र जन्मतःच खालच्या बाजूला होतं, त्यामुळे वीर्य जिथे पोचायला हवं तिथे पोचत नव्हतं. हंटरनी त्याला कोमट केलेली सिरिंज वापरायला सांगितली. नवराबायकोने ते घरीच केलं आणि बाईला दिवस राहिले. १७९९ मध्ये एव्हरार्ड होम यांनी ही हकिकत प्रसिद्ध केली. नोंदलेलं पहिलं मानवी वीर्यारोपण म्हणून तिचा दाखला देतात. इस्पितळं या गोष्टीत नंतर आली.

आपल्याकडची मोठी तारीख ६ ऑगस्ट १९८६. त्या दिवशी केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा चावडाचा जन्म झाला. शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेली ती देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. त्यामागे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांची परळचीच प्रजनन संशोधन संस्था होती. (त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी असंच यश मिळवलं होतं. पण त्यांच्या हयातीत त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.) त्याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, आज प्रश्न आयव्हीएफचा, म्हणजे टेस्ट ट्यूब तंत्राचा, कमी आणि त्याच्या कितीतरी आधीचा जास्त आहे: नेमके दिवस कोणते?

सिरिंजबद्दलचा निकाल आधीच सांगून टाकायला हवा. जिथे शरीरसंबंध नीट होतो तिथे सिरिंज काहीही जास्तीचं देत नाही. वीर्य पोचतं तिथेच, तेवढंच. तिचा उपयोग आहे तो संबंध होत नाही तिथे. फायदा होतो तो दिवस चुकला नाही तर, आणि दिवस चुकला तर बाजारातला महागातला महाग संचही निरुपयोगी.

तर दिवस. ‘पाळीपासून चौदावा’ हे उत्तर इतकं पाठ झालंय की ते डॉक्टरांच्या तोंडूनही सहज निघतं. खरं गणित उलट्या बाजूने चालतं. स्त्रीबीज पुढची पाळी येण्याच्या साधारण बारा ते सोळा दिवस आधी सुटतं. पाळी अठ्ठावीस दिवसांनी येत असेल तर चौदावा दिवस जुळतो; चोवीस दिवसांनी येणाऱ्या बाईचं बीज दहाव्या दिवशीच सुटून गेलेलं असतं, आणि पस्तीस दिवसांचं चक्र असणारीचं एकविसाव्या दिवसापर्यंत सुटलेलंच नसतं. २०१९ मध्ये एका मोबाइल ॲपवरच्या सहा लाखांहून अधिक चक्रांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा नेमकं अठ्ठावीस दिवसांचं चक्र फक्त १३ टक्के निघालं. चौदाव्या दिवसाच्या भरवशावर वर्ष घालवणारी जोडपी कुठल्या आकड्यावर विसंबून असतात, ते यावरून कळतं.

सुटलेलं बीज जगतं बारा ते चोवीस तास. शुक्राणू मात्र योग्य स्राव असेल तर पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून बीज सुटायच्या आधी शुक्राणू तिथे हजर असणं महत्त्वाचं, मागाहून धावाधाव करण्यात अर्थ नाही. ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीच्या नमुन्यांवरून हे १९९५ मध्ये सिद्ध केलं. जेवढ्या गर्भधारणा झाल्या त्या सगळ्या बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, अशा सहा दिवसांतल्या संबंधांतून झाल्या. पाच दिवस आधीच्या संबंधातून दिवस राहण्याची शक्यता दहात एक, आणि प्रत्यक्ष त्या दिवशी तिनात एक. दुसऱ्या दिवसापासून जवळजवळ शून्य.

हे कळायला माणसाला किती वेळ लागला, तेही पाहण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकातले युरोपी डॉक्टर पाळीच्या आगेमागेचे दिवस गर्भाला अनुकूल आणि मधले ‘सुरक्षित’ असं छातीठोकपणे सांगत. अगदी उलटं. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी १९२०च्या दशकात, एकमेकांशी संबंध नसताना, हिशोब सरळ केला. आपल्या स्मृतिग्रंथांनी ऋतुकाल सोळा रात्रींचा धरला आणि पहिल्या चार वगळल्या. त्यामुळे पाचव्यापासून सोळाव्यापर्यंतचा पट्टा त्या युरोपी डॉक्टरांपेक्षा बराच जवळ लागला, हे मान्य करायला हरकत नाही. पण त्यापुढचं, सम रात्री मुलगा आणि विषम रात्री मुलगी, हे मात्र सोडून द्यावं. त्याची आधुनिक आवृत्तीही फिरत असते: बीज सुटतानाच संबंध आला तर मुलगा. विल्कॉक्स यांच्या अभ्यासात दिवसाचा आणि मुलगा-मुलगीचा काहीही संबंध आढळला नाही. लिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरी ‘मुलगा होण्याचे दिवस’ विचारणारे संपलेले नाहीत.

मराठीत या गोष्टी उघडपणे छापायला र. धों. कर्वे यांनी सुरुवात केली. १९२७ ते १९५३ त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, खटले अंगावर घेतले. त्यांचा भर मूल नको असलेल्यांवर होता. पण तेच गणित उलटं वाचलं की मूल हवं असलेल्यांच्या कामाला येतं. उत्तर भारतातल्या काही राज्यांत कुटुंबनियोजनासाठी ‘माला चक्र’ नावाची रंगीत मण्यांची माळ वाटली गेली: रोज तिच्यावरची कडी एक मणी पुढे सरकवायची, पांढऱ्या मण्यांचे दिवस टाळायचे. पाळी सव्वीस ते बत्तीस दिवसांनी येणाऱ्या बाईसाठी हे दिवस आठव्यापासून एकोणिसाव्यापर्यंत. मूल हवं असेल तर ते टाळायचे नाहीत, धरायचे. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही जमेल असं हे साधन. कर्जतच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर ते वापरून पाहायला काय हरकत आहे?

माळेहून बारीक खूण शरीर स्वतःच देतं. बीज सुटायच्या आधीचे दोन-चार दिवस अंगावरून जाणारा स्राव पातळ, पारदर्शक, बोटांत ताणला तर तार धरणारा होतो, अंड्याच्या कच्च्या पांढऱ्यासारखा. ऑस्ट्रेलियाच्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने १९५०च्या दशकापासून यावर पद्धत उभी केली. आपल्याकडे ‘पांढरं जाणं’ म्हणजे आजारच, अशी समजूत असल्याने ही खूण औषध घेऊन घालवण्याची गोष्ट ठरते. खाज, घाण वास किंवा दह्यासारखा पांढरा थर असेल तर तो आजार. निव्वळ पारदर्शक तार असेल तर ते निमंत्रण. रोज पहाटे तापमान मोजणं ही तिसरी रीत, पण तापमान वाढतं ते बीज सुटल्यावर. म्हणजे त्या महिन्याची गाडी गेल्यावर फलाटावर घोषणा. चार महिन्यांचा तक्ता समोर ठेवून आपलं चक्र समजून घ्यायला ती उपयोगी, एरवी नाही.

राहिली मेडिकलमध्ये मिळणारी पट्टी. ‘आय-कॅन’ बहुतेकांना माहीत असते. तिच्या शेजारी ठेवलेली ‘आय-नो’ कमी जणांना. पहिली गर्भ राहिला का ते सांगते. दुसरी बीज सुटायच्या आधी लघवीत वाढणारं एलएच नावाचं संप्रेरक पकडते. ही वाढ दिसली की साधारण चोवीस ते छत्तीस तासांत बीज सुटतं. पुढची पाळी अपेक्षित असलेल्या दिवसाच्या सतरा दिवस आधी तपासणी सुरू करावी. तीस दिवसांचं चक्र असेल तर तेराव्या दिवशी. सकाळची पहिली लघवी इथे शक्यतो टाळतात. दुपारी किंवा संध्याकाळी, रोज एकाच वेळी, आणि आधीचे दोन तास फार पाणी न पिता. दुसरी रेघ पहिलीइतकी गडद झाली की त्याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशी प्रयत्न करायचा. पीसीओएस हा बीजकोशांचा विकार असलेल्या बाईत मात्र एलएच एरवीही चढंच राहू शकतं. पट्टी पुन्हा पुन्हा होकार देते आणि बीज सुटतच नाही. अशा वेळी पट्ट्यांवर पैसे घालण्यापेक्षा सोनोग्राफी बरी.

एक विसंगती इथे खटकते. आशाताईच्या पिशवीत ‘निश्चय’ नावाचं गर्भनिदानाचं किट असतं, फुकट. बीज कधी सुटेल हे सांगणारी पट्टी नसते. मूल राहिलं की सरकार दार ठोठावतं; राहत नाही त्यांच्या दारावर कुणी येत नाही. आयुष्मान भारत योजनेतूनही वंध्यत्वाचे उपचार वगळलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जगातल्या दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं असा अंदाज दिला, आणि तरीही लोकसंख्येच्या भीतीवर उभ्या राहिलेल्या आपल्या आरोग्ययंत्रणेत हा प्रश्न अजून बाजूलाच आहे. शेजारच्या गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ सुरू करून दाखवलं. रायगडात कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौकची ग्रामीण रुग्णालयं प्रसूतीसाठी आहेत; वंध्यत्वाचा कागद घेऊन आलेलं जोडपं पनवेलला किंवा मुंबईला पाठवलं जातं. बीज रविवारीही सुटतं आणि रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो.

आता सिरिंज खरोखर कुणासाठी? संबंधाच्या वेळी योनीचे स्नायू आवळले जाऊन असह्य दुखणाऱ्या बाईसाठी. लग्नाला पाच-सात वर्षं होऊनही संबंध न झालेली अशी जोडपी स्त्रीरोगतज्ज्ञांना नवी नाहीत, ती फक्त गावात बोलत नाहीत. मणक्याच्या दुखापतीने अधू झालेल्या नवऱ्यासाठी. पट्टीवर गडद रेघ आली की त्याच रात्री ताठरता जाणाऱ्या पुरुषासाठीही, आणि पाताळगंगा-रसायनीच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी परतणाऱ्याकडून वेळापत्रकाने संबंधाची अपेक्षा ठेवली की हे होतंच. आणखी एक गट महत्त्वाचा: बायको एचआयव्हीबाधित, नवरा नाही. अशा जोडप्याला नवऱ्याला लागण न होता मूल होऊ देण्याचा हा मान्य मार्ग आहे, अर्थात बायकोची औषधं नियमित चालू ठेवून आणि उपचार केंद्राच्या सल्ल्याने. या सगळ्यांना डॉक्टर स्वतःच घरी प्रयत्न करायला सांगतात.

रीत साधी, पण काही गोष्टी पक्क्या. डबी लॅबमध्ये मिळते तशी निर्जंतुक, रुंद तोंडाची. सिरिंज नवी, सुई काढलेली, एकदाच वापरायची. साधा निरोध वापरून वीर्य गोळा करू नये, त्यातल्या वंगणाने आणि काहींत शुक्राणूनाशकाने घात होतो. थुंकी आणि साधी जेलीही शुक्राणूंची हालचाल मंदावतात. वीर्य आधी घट्ट असतं आणि पंधरा ते तीस मिनिटांत पातळ होतं. तेवढं थांबावं, पण तासाच्या पलीकडे नाही. फ्रिजमध्ये किंवा गरम पाण्यात ठेवू नये, डबी अंगाशी धरावी. सिरिंजमधली हवा आधी काढावी आणि वीर्य हळूहळू सोडावं. नंतर पंधरा-वीस मिनिटं पडून राहिलं तर बिघडत नाही. त्याने शक्यता वाढते का, यावर डच संशोधकांचे दोन अभ्यास एकमेकांविरुद्ध गेले आहेत.

एक गोष्ट कदापि करू नये: नळी गर्भाशयाच्या आत घालणं. दवाखान्यात आययूआय, म्हणजे थेट गर्भाशयात वीर्यारोपण, करताना वीर्य धुऊन, शुक्राणू वेगळे काढून मगच आत सोडतात, कारण न धुतलेल्या वीर्यातले प्रोस्टाग्लँडिन गर्भाशयाला जोरदार आकडी आणतात आणि जंतू थेट वर जातात. इंटरनेटवरच्या चित्रफिती पाहून ‘थोडं आणखी आत’ जाण्याचा मोह होतो. त्याची परिणती तीव्र वेदना, जंतुसंसर्ग आणि कायमच्या बंद झालेल्या नलिकांत होऊ शकते.

नलिका आधीच बंद असतील तर? तर दिवस अचूक धरूनही उपयोग नाही. आपल्या देशात जननमार्गाचा क्षयरोग हे नलिका बंद होण्याचं मोठं कारण, आणि तो बहुतेकदा मुकाट असतो. पूर्वी क्षय झाला असेल, पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, पाळी दीड-दोन महिन्यांनी येत असेल, तर घरगुती प्रयोगात एकही महिना घालवू नये.

आणि पुरुष? इथल्या शेतकऱ्याला गायीचा माज ओळखता येतो. ती सकाळी माजावर आली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी आली तर दुसऱ्या सकाळी, हे त्याला तोंडपाठ. उरुळीकांचनला १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उभ्या केलेल्या ‘बाएफ’ने दारात येऊन कृत्रिम रेतन करण्याची सेवा रुजवली, तेव्हापासून वेळ चुकली की पैसे वाया जातात हेही तो शिकला. वळू निकृष्ट असेल तर गायीला दोष देत नाही. घरात मात्र दोन वर्षं पाळणा हलला नाही की तपासणी सुनेची, उपास सुनेचे. वीर्यतपासणी ही या साऱ्यातली सर्वांत स्वस्त, सर्वांत सोपी, आणि सर्वांत शेवटी होणारी चाचणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मापाने किमान अपेक्षा अशी: १.४ मिलिलिटर वीर्य, प्रत्येक मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, त्यातले ४२ टक्के हलणारे. एका अहवालावर निकाल देऊ नये. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे मधल्या काळातल्या टायफॉइडचा किंवा डेंग्यूच्या तापाचा परिणाम आज दिसतो. भट्टीशेजारचं काम, तंबाखू, दारू, हेही त्यात मोजावं. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेलं कातकरी जोडपं पावसाळ्याच्या तोंडाशी परततं. तोवर दुसऱ्या तपासणीची तारीख उलटलेली असते, आणि पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून.

शुक्राणूच नसतील तर दात्याचा प्रश्न येतो, आणि इथे घरगुती मार्ग बंद होतो. २५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेला सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा शरीराबाहेर शुक्राणू हाताळून गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या सगळ्या तंत्रांना कवेत घेतो. दात्याचं वीर्य नोंदणीकृत बँकेतूनच यायला हवं. दाता २१ ते ५५ वर्षांचा, संसर्गजन्य रोगांसाठी तपासलेला, आणि एका दात्याचं वीर्य एकाच जोडप्याला. बीजाची विक्री करणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात ५ ते १० लाख रुपये दंड. एकवीस वर्षांवरची एकटी स्त्रीही या कायद्याने दवाखान्यात जाऊ शकते. समलिंगी जोडप्याला मात्र जोडपं म्हणून जागा नाही. समाजमाध्यमांवर ‘मदत करायला तयार’ असलेला अनोळखी माणूस किंवा घरातलाच दीर, दोघांच्याही बाबतीत हिपॅटायटिस, एचआयव्ही, थॅलेसेमियाची तपासणी झालेली नसते आणि बापपणाचा कागदही नसतो. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एका लेस्बियन जोडप्याला घरगुती वीर्यारोपणासाठी वीर्य देणाऱ्या माणसाकडून राज्याने पोटगी मागितली. तो वाद कोर्टात अनेक वर्षं चालला.

यातला सर्वांत जुना पेच मात्र खालापूर तालुक्यातच सांगितला जातो. महडच्या वरदविनायकाची कथा गृत्समदाची आहे. ऋषिपत्नी मुकुंदेला राजपुत्र रुक्मांगद आवडला. त्याने नकार दिला. इंद्र त्याचं रूप घेऊन आला आणि गृत्समद जन्मला. मोठेपणी विद्वानांच्या सभेत जन्मावरून हिणवलं गेल्यावर त्याने आईला जाब विचारला, तिला शाप दिला, आणि मग वनात तप केलं. आपला बाप कोण हे मुलाला कधीतरी कळतं, आणि बाहेरून कळलं तर त्याची आग आईवर पडते, हे ज्याने ही कथा रचली त्याला ठाऊक होतं. आजचा कायदा दात्याचं नाव गुप्त ठेवतो. मुलाला खरं सांगायचं की नाही, हे आईबापांवर सोडतो. त्याच महडला माघी चतुर्थीच्या उत्सवात प्रसादाचा नारळ मिळाला की मूल होतं, या श्रद्धेने जोडपी जातात. जाऊ देत. नारळाने कुणाचं वाईट झालेलं नाही. वाईट होतं ते नवसाच्या नावाने गेलेल्या वर्षांनी.

कारण वय थांबत नाही. ठरावीक अंतराने संबंध ठेवणाऱ्या दर शंभरातल्या ऐंशीहून जास्त जोडप्यांना वर्षभरात दिवस जातात, उरलेल्यांतल्या निम्म्यांना दुसऱ्या वर्षी. प्रत्येक महिन्याची शक्यता मात्र चार-पाचात एक एवढीच, म्हणून दोन महिने हुकले की हातपाय गाळण्याचं कारण नाही. ठरवून आधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी घ्यावी, चार महिन्यांच्या तारखा कॅलेंडरवर मांडाव्यात, पारदर्शक तारेकडे लक्ष ठेवावं. बायको पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिने. त्याच्यापुढे घरी थांबू नये. आणि डॉक्टरकडे पहिल्या खेपेला जाताना नवऱ्याने वीर्यतपासणीचा अहवाल कर्जत, खोपोली किंवा पनवेलच्या लॅबमधून आधीच हातात घेऊन जावं.